आवळीभोजनाची भांडी

कार्तिक लागला की मला सारखी अंघोळ करावीशी वाटते. लोक कार्तिकस्नान करतात ते पुण्यासाठी. माझं तसं काही नाही. माझ्या नाकात एक वास बसला आहे आणि तो या महिन्यात जागा होतो. ओल्या सतरंजीचा, राखेचा आणि चार दिवस पातेल्यात राहिलेल्या वरणाचा. सकाळी दार उघडावं, हवेत गारवा असावा, फाटकाशी संत्र्यांची हातगाडी उभी असावी. नागपुरातल्या वर्षभराच्या सकाळींमध्ये याच काय त्या चांगल्या. आणि मला मात्र मळमळतं. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे. म्हटलं, असेल बापा.

परवा कॉलनीतल्या तिघी बायका आल्या आवळीभोजनाची वर्गणी मागायला. छान नटूनथटून, हातात पावतीपुस्तक. "काकू, यंदा तेलंगखेडीच्या बागेत जाऊन राहिलो. स्वयंपाक, भांडी सगळं बाहेरून आहे. तुम्ही फक्त यायचं." मी वर्गणी दिली आणि येणार नाही म्हणून सांगितलं. "काहून काकू? उपास आहे का?" त्यातली एक म्हणाली. सहज म्हणाली बिचारी. तिला काय माहीत? मी दार जरा जोरातच लावलं.

उपास हा शब्द कोणी माझ्यासमोर काढू नये. मी कधीचे सोडले सगळे.

चौऱ्याहत्तर साल असावं. आम्ही तेव्हा सदरला भाड्यानं राहत होतो. पुढची खोली रस्त्याला लागून, मागं अंगण, अंगणात नळ, आणि घराच्या कडेनं अंगणात जायला एक चिंचोळी गल्ली. हे ऑफिसात, मी दिवसभर एकटी. अंगात रग होती आणि डोक्यात हवा. शेजारचं एक ख्रिस्ती कुटुंब घरदार विकून परदेशी निघालं होतं. त्यांच्या व्हरांड्यात विकायला मांडलेल्या सामानात वेताची एक पेटी मी पाहिली. झाकण उघडलं की आत चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या बशा, कप, काटे-चमचे, थर्मासला वेगळी जागा. सहलीला न्यायची पेटी म्हणे. मी तिथंच खुळावले. मनात म्हटलं, अशा पेट्या आपण करून विकायच्या. अंबाझरी आहे, रामटेक आहे, खिंडसीचा तलाव आहे, आणि माणसं तिथं जातात मळकट गाठोडी घेऊन. त्यांना जरा नीटनेटकं राहायला शिकवायचं. मला त्या वयात लोकांना नीटनेटकं राहायला शिकवायची भारी हौस होती.

वेत परवडणारा नव्हता. म्हणून पुढच्या खोलीत दुकान थाटून जाड कॅनव्हासच्या पिशव्या करायचं ठरलं. शिवणारी कमल. शिवणवर्गात आमची ओळख झाली होती. माझी शिवण माझ्या नाकासारखी वाकडी जायची आणि तिची पट्टी लावल्यासारखी सरळ. तिचे वडील मिलमध्ये होते. छप्पनच्या दसऱ्याला तिचे आईवडील पांढरी वस्त्रं नेसून धम्म घ्यायला गेले, तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर बसली होती. हे तिनंच मला सांगितलं, मशीन चालवता चालवता, मान वर न करता.

"मी तसलं काही मानत नाही हं," मी लगेच म्हणाले.

"मी इचारलं का तुले?" ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

शिंप्याच्या दुकानातलं चांगलं काम सोडून ती माझ्याकडे आली. स्वतःचं पायमशीन रिक्षात घालून घेऊन आली. तिच्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच वस्तू होती. तिची अट एकच. धंदा दोघींचा, तर पाटीवर नावं दोघींची. "मले आजवर कोणी नावानं ओळखलं नाही वं, सुशीला. शिवलं मी आणि लेबल मालकाचं." मी म्हटलं, अगं, हे काय सांगायला पाहिजे? पेंटर आला आणि त्यानं पहिल्या दिवशी फक्त 'सहल साहित्य' एवढंच रंगवलं. खाली नावांसाठी जागा सोडली. ती जागा तशीच कोरी राहिली आणि कोरी राहिली याचं कारण मी आहे.

पिशव्या तर काय देखण्या झाल्या होत्या! हिरवा कॅनव्हास, पिवळा गोट, बशांचे कप्पे, थर्मासचा कप्पा, हातपुसण्यांचा कप्पा. गिऱ्हाईक यायचं, हात फिरवायचं, आत डोकावायचं आणि म्हणायचं, "मस्त आहे, पण यात पातेलं कुठं मावते?"

पातेलं! आमच्या नागपूरकरांना सहल म्हणजे काय, तर घरातलं स्वयंपाकघर उचलून झाडाखाली नेणं. सँडविच कुरतडत तळ्याकाठी बसायला ते काय वेडे आहेत? रोडगे पाहिजेत, तेही तिथंच गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. वांग्याची भाजी पाहिजे, वर बोटभर तर्री. परात पाहिजे, झारा पाहिजे, पाटा-वरवंटा सुद्धा नेणारे मी पाहिले आहेत. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्या दोन पिशव्या खपल्या. त्यातली एक माझ्या नणंदेनं नेली, मला वाईट वाटू नये म्हणून.

शेवटी कमल म्हणाली, "लोकायले पातेलं पाहिजे तं पातेलं दे ना. भाड्यानं दे." आम्ही जुनी पातेली, पराती, थर्मास, सतरंज्या घेतल्या, भांड्यांना कल्हई करून आणली आणि धंदा जो धावायला लागला म्हणता! रविवारच्या आधी तर रांग. गोवऱ्यासुद्धा आमच्याकडूनच न्यायचे लोक. वेताच्या पेटीचं स्वप्न पाहणारी मी, पुढच्या खोलीत शेणाच्या गोवऱ्यांची रास लावून बसले होते.

आणि मग सोमवार यायचा. शी! आजही आठवलं की अंगावर काटा येतो. भांडी घासून परत करायची असं आम्ही भिंतीवर लिहिलं होतं, पण ते वाचतो कोण? पराती यायच्या त्यात कणकेचे पोपडे वाळलेले. पातेल्याच्या तळाशी तेलाचं साय धरलेलं डबकं, त्यात चावून टाकलेली हाडं, विझवलेल्या विड्या, संत्र्याच्या बिया. सतरंज्यांवर पानाच्या पिचकाऱ्या. एकदा थर्मासमध्ये दूध नासून त्याचा दगड झाला होता. आणि आणून देणारे कोण, तर इस्त्रीचे कपडे घातलेले, तोंड भरून नमस्कार करणारे. चारचौघांत रुमालानं ओठ टिपणारा माणूस झाडाखाली बसला की त्याला काय होतं देव जाणे. घर आपलं नाही, भांडं आपलं नाही, मग घाण करायला काय जातं? माणसाची जात पाहायची असेल तर त्यानं परत केलेलं पातेलं पाहावं, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणायची. माझं स्वतःचं पातेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून.

आम्ही दोघी अंगणात समोरासमोर बसून घासायचो. ती राख लावायची, मी विसळायची. हसायचोही खूप. कमल एकेका पातेल्यावरून गिऱ्हाईक ओळखायची. "हे त्या चष्मेवाल्या मास्तरचं. भात जाळला, मंग बायकोवर खेकसला, मंग पातेलं आपटलं. हा पोचा पाह्य." मी हसता हसता अंगावर पाणी सांडून घ्यायची. त्या महिन्याभराइतकी मी नंतर कधी कुणाबरोबर हसले नाही. हे मी आता सांगते आहे म्हणून नाही. खरंच नाही हसले.

पण ती अंगणात यायची ती कडेच्या गल्लीतून. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर असं सरळ येता यायचं, तरी वळसा घालून गल्लीतून. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. पण "अगं, इकडून ये ना" असंही मी एकदाही म्हटलं नव्हतं. आणि ती संध्याकाळी गेली की मी सगळी भांडी पुन्हा एकदा नळाखाली धरायची. का? तर धुळीसाठी. असं मी स्वतःला सांगायची. अंगणात कुठली आली एवढी धूळ?

आणि डबा. दुपारी एकच्या सुमारास ती मशीनवरून उठायची, हात धुवायची, डबा उघडायची आणि झाकणात वाढून माझ्यापुढं सरकवायची. पहिल्या दिवशी सोमवार होता. मी म्हटलं, सोमवार आहे ना गं, उपास. खरंच होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी म्हटलं, मंगळवारही धरते मी. मग गुरुवार आला, मग चतुर्थी, मग एकादशी, मग कुठलं तरी व्रत. मी इतके उपास सांगितले की खरे धरले असते तर सरळ स्वर्गात गेले असते. ती जेवायची आणि मी समोर बसून पाणी प्यायची, माझ्या माठातलं. ती गेली की आत जाऊन पोळी-भाजी खायची. उभ्यानं, चोरासारखी.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दुकानाची पूजा केली. कमलनं त्या दिवशी सांभारवड्या आणल्या होत्या. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. "आईनं पहाटे उठून केल्या. सुशीलेले दे म्हणे." माझा जीव आहे सांभारवडीवर. डबा उघडल्याबरोबर तोंडाला पाणी सुटलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, आज उपास आहे माझा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग तिनं डब्याला झाकण लावलं. त्या दिवशी ती पण जेवली नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मालतीबाई आल्या. मोठ्या महिला मंडळाच्या अध्यक्षीण, सदरपासून रामदासपेठेपर्यंत त्यांचा शब्द चालायचा. मंडळाचं आवळीभोजन होतं, साठ बायका, सगळी भांडी आमच्याकडून न्यायची होती. हे काम नीट झालं की सगळ्या शहराचं काम आपल्याकडे, असं माझं गणित. आवळीभोजन झालं की लगेच पेंटरला बोलावून दोघींची नावं घालू, असं मी कमलला सांगूनही टाकलं होतं. ती खूश होती. नाव कसं लिहायचं ते तिनं चुन्याच्या खडूनं मशीनच्या फळीवर लिहून पाहिलं होतं.

कमल पडद्यामागं मशीनवर होती. मालतीबाईंनी पातेली उलटीपालटी करून पाहिली, बोटानं वाजवून पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नैवेद्याचं आहे हो. भांडी कोण घासतं?"

मी सतरंज्यांच्या घड्या सारख्या करायला लागले.

"ती मशीनवर बसते ती कोण?"

तेव्हा मी जे बोलले ते शब्दाशब्दानं आठवतं मला. म्हणाले, "ती शिवायला आहे. पगारी. भांड्यांना तिचा हात लागत नाही. भांडी मीच घासते."

मशीन थांबलं. अगदी एवढंस्सं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मालतीबाई समाधानानं हसल्या. मी पण हसले. त्या हसण्याची मला इतकी शिसारी आहे की आरशात चुकून तसं हसू आलं तर मी तोंड फिरवते.

कमल त्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला गेली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. मंडळानं साठ हातपुसणी शिवायला दिली होती, ती सगळी तिनं शिवली, कडा मुडपल्या, इस्त्री करून घड्या घातल्या. मला वाटलं, तिनं ऐकलंच नाही. वाटलं म्हणजे, तसं वाटून घ्यायला सोपं होतं.

भांडी गेली. आवळीभोजन झालं. मलाही बोलावलं होतं, मी गेले, आवळ्याच्या झाडाखाली जेवले, मालतीबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. भांडी दुसऱ्या दिवशी यायची होती. आली चौथ्या दिवशी. हातगाडीवाल्यानं अंगणात उतरवून टाकली आणि निघून गेला.

मी झाकण उघडलं आणि मागं सरले. वरणावर निळसर बुरशी. भात आंबून फसफसलेला, त्यावर माशांचं मोहोळ. खिरीच्या पातेल्यात काहीतरी वळवळत होतं. आणि सगळ्यात मोठं पातेलं, ज्यात देवाचा नैवेद्य शिजला, ज्याला कुणाकुणाचा हात लागू नये म्हणून एवढी चौकशी झाली होती, त्यात कुणीतरी पोराचा घाण झालेला लंगोट कोंबलेला होता. चार दिवसांचा. मी तिथंच नळाशी बसले आणि ओकले. पित्त पडेपर्यंत ओकले.

डोळे पुसून वर पाहिलं तर कमल उभी. गल्लीतून नाही, स्वयंपाकघराच्या दारात. त्या दारात ती पहिल्यांदाच उभी होती.

"कमल, बघ गं या बायकांनी काय केलं," मी म्हणाले. "ये, हात लाव जरा. माझ्यानं एकटीनं नाही होणार."

"काहून? तूच घासते ना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मालतीबाईले सांगितलं ना तू. घास मंग."

"अगं, ते धंद्यासाठी बोलले मी. माझ्या मनात तसलं काही नाही, तुला माहीत आहे."

"तुझ्या मनात काय आहे ते मले रोज दुपारी दिसे, सुशीला. डबा उघडला का दिसे." ती बोटांवर मोजायला लागली. "सोमवार ठीक आहे. चतुर्थी ठीक आहे. पण पाडव्याले कोण उपास धरते वं? माह्या आईनं इचारलं मले घरी आल्यावर, खाल्ल्या का सुशीलेनं? मी हो म्हणलं. तिच्याशी खोटं बोलाले लावलं तू मले."

मशीन न्यायला तिनं रिक्षा आधीच बोलावली होती. मी ओल्या हातांनी पुढच्या खोलीपर्यंत धावले. फळीवर खडूनं लिहिलेलं नाव तिनं पदरानं पुसलं, मशीनवर घरची चादर टाकली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "जरा सांभाळून भाऊ."

ती भांडी मी एकटीनं घासली. दोन दिवस लागले. तोंडाला पदर बांधून, रडत, शिव्या देत. मालतीबाईंना दिल्या, त्या साठ बायकांना दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी आता मलाच देते आहे. त्या घाणीची किळस आलीच आली. पण तिला उपाय होता, राख होती, पाणी होतं. संक्रांतीच्या आत मी दुकान बंद केलं. लोकांना सांगितलं, तब्येत बरी नसते. 'सहल साहित्य' आणि खाली कोरी जागा, ती पाटी पुढं कित्येक वर्षं आमच्या न्हाणीघराचं दार झाकायला होती.

दहाएक वर्षांनी कळलं, नागपुरातच इंदोऱ्याला कमलचं दुकान आहे. पिशव्यांचं. दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, सहलीच्या पिशव्या, आणि मागं गोदामात लग्नाकार्याला द्यायची भांडी. ऐकल्यापासून मला चैन पडेना. जाऊ, माफी मागू, असं किती दिवस घोकत होते. पण माफी कशी मागायची? तोंडानं मागितलेली तिला पटणार नाही, हे मला माहीत होतं. शेवटी मी एक ठरवलं आणि स्वतःवरच फार खूश झाले. तिच्या डब्याच्या वेळेला जायचं. सकाळपासून काही खायचं नाही. ती झाकण पुढं करेल, आणि मी खाईन. पोटभर खाईन.

कार्तिकच होता. एकच्या सुमारास गेले. दुकानावर मोठी पाटी, तिचं एकटीचं नाव, पिवळ्या अक्षरांत. आत तीन मशीनं, तिघी मुली शिवत होत्या. कमल गल्ल्यावर. केस जरा पिकलेले, बाकी तीच. मला पाहून तिला नवल वाटलं असेल तरी दिसलं नाही.

"ये वं, सुशीला. बस."

पाणी दिलं. मी पेला ओठाला लावून एका दमात संपवला, आणखी मागितला, तोही संपवला. ती बघत होती. मी काय दाखवते आहे ते तिला चांगलंच कळत होतं, आणि मला माझीच लाज वाटली. पाणी पिण्यात कसला आला पराक्रम?

मुलींनी मशीनं थांबवली, हात धुतले. कमलनं डबा काढला. झाकण उघडलं आणि मला वासच आला. सांभारवड्या. मी खुर्ची जरा पुढं ओढली. हात मांडीवर घेऊन बसले, जेवायला बसल्यासारखी.

कमलनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा डब्याकडे. मग झाकण उलटं करून स्वतःच्या बाजूला ठेवलं.

"तुझा तं उपास असन आज," ती म्हणाली. तिनं ते विचारलं नाही, सांगितलं.

मी हो म्हटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणजे या खेपेला तेवढं तरी खरं होतं. ती सावकाश जेवली, मुलींना दोन-दोन वड्या दिल्या, डबा स्वतः घासून पुसून ठेवला आणि गल्ल्यावर येऊन मला म्हणाली, "बोल, कोणती पिशवी दाखवू?"